माडीवरून पडलेला तरुण

आधारवचनें : प्रेषितांचीं कृत्यें २० : ७ ते १२



देवाच्या वचनाचा उपदेश चालू असतां झोंपीं गेलेल्या एका तरुणाचें नांव पवित्र शास्त्रानें जपून ठेविलें आहे. तो युतुख. त्रोवस शहरांत आठवड्याच्या पहिल्या दिवशीं विश्वासी लोक भाकर मोडण्यासाठीं तिसऱ्या मजल्यावरील माडींत जमले होते. पौल दुसऱ्या दिवशीं प्रवासास निघणार होता, म्हणून त्याचें बोलणें लांबलें व मध्यरात्र झाली. माडींत पुष्कळ दिवे जळत होते. हा तरुण खिडकींत बसला होता. त्यास झोंपेनें घेरलें आणि तो खालीं कोसळला. लोक धांवत जाऊन पाहतात तों प्राण गेलेला. पौलानें खालीं उतरून त्यास कवटाळिलें व लोकांची घाबरगुंडी शांत केली. मग पुन्हां वर जाऊन भाकर मोडली, उजाडेपर्यंत बोलणें झालें, आणि मुलास जिवंत घरीं नेतांना सर्वांस मोठें समाधान वाटलें.

ह्या उताऱ्यावर झोंपाळू श्रोत्यांस दरडावणारे उपदेश पुष्कळ होतात. "पाहा, उपासनेंत पेंगणाऱ्याची काय गत झाली!" असें म्हटलें म्हणजे मागच्या सतरंजीवरचीं पोरें दचकून सरळ बसतात, आणि उपदेशकास आपला उपदेश लागू पडला असें वाटतें. परंतु हा वृत्तांत लिहिणारा लूक त्या रात्रीं तेथें हजर होता, आणि तो धंद्यानें वैद्य होता. त्यानें मुलास एका शब्दानेंही दोष दिलेला नाहीं. वैद्य जसा रोग्याजवळ बसून विचारतो, वेळ कोणती होती, खोली कशी होती, किती उंचावरून पडला, तशीच त्याची लेखणी चालली आहे. वेळ मध्यरात्रीची, दिवे पुष्कळ, भाषण लांबलेलें, बसण्याची जागा खिडकी. तेलाच्या दिव्यांनीं कोंदटलेल्या खोलींत जो मुलगा खिडकीशीं जाऊन बसतो तो झोंपण्यासाठीं नव्हे, तर वाऱ्यावर बसून जागें राहण्यासाठीं तेथें बसला असावा, असें आम्हांस वाटतें.

तो इतका थकलेला कां होता? शास्त्र तें सांगत नाहीं. परंतु दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं त्या काळीं रोमी राज्यांत रविवार हा सुटीचा दिवस नव्हता. कॉन्स्टंटाइन बादशहानें रविवारीं न्यायकचेऱ्या व शहरांतील धंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला तो सन ३२१ मध्यें, म्हणजे ह्या गोष्टीनंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं. आणि त्या हुकुमांतही शेतकऱ्यास शेतकामाची मोकळीक ठेविली होती. तेव्हां त्रोवसांतील विश्वासी दिवसभर काम करून रात्रीं जमत, ह्यांत नवल नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं बाराव्या वचनांत त्या मुलास जो हेल्लेणी शब्द लाविला आहे त्याचा अर्थ मुलगा असा होतो, तसा चाकर असाही होतो. तो कोणाचा तरी दास असेल, बाजारांत ओझीं वाहून आला असेल, धन्याचें घर झाडून आला असेल. दिवसाचें काम संपल्यावर जो तरुण निजावयास न जातां प्रभूच्या लोकांत येऊन बसला, त्यासच आपण आळशाचा नमुना करून टाकिलें आहे!

आतां त्रोवसाहून वऱ्हाडांत येऊं. आपल्या मंडळ्यांतलीं मुलें आज कोठें कोठें कामास जातात तें पाहा. अमरावतीजवळ नांदगांव पेठ येथें कापडाचे कारखाने आहेत, अकोल्याच्या औद्योगिक वसाहतींत डाळीच्या व तेलाच्या गिरण्या आहेत, आणि कापूस निघाला म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत जिनिंग-प्रेसिंगचीं यंत्रें सुरू होतात. कोणी महामार्गावरील धाब्यावर, कोणी पेट्रोलपंपावर, कोणी बडनेऱ्यास रेल्वेच्या कामावर. आपल्या कित्येक मुली रुग्णालयांत परिचारिका आहेत व रात्रपाळी करितात. एका आठवड्यांत दिवसपाळी, दुसऱ्या आठवड्यांत रात्रपाळी, असा फेरा लागला कीं केव्हां निजावें व केव्हां उठावें ह्याचा मेळच राहत नाहीं. जे गांवीं राहिले त्यांचीही रात्र त्यांची नाहीं. कृषिपंपास वीज पाळीपाळीनें येते. रात्रीची पाळी आली म्हणजे हरभऱ्यास व गव्हास पाणी द्यावयास बॅटरी घेऊन मध्यरात्रीं शेतांत जावें लागतें, पायांखालीं साप कीं विंचू हें देवासच ठाऊक. मेळघाटाच्या पायथ्याशीं तर रोही व रानडुकरें पीक राहूं देत नाहींत, म्हणून माळ्यावर जागल करावी लागते.

असा तरुण घरीं येतो व अंथरुणावर पडतो, पण झोंप येत नाहीं. पहांटे कोठें डोळा लागतो, आणि मग उठवत नाहीं. आई चार वेळां हांका मारिते. शेजारी म्हणतात, "पोट्टा आयशी झाला." रविवारीं आठ वाजतां उपासनेस तो नसला म्हणजे वडील लोक मान हलवितात, आणि प्रार्थनेंत "जे झोंपेंत गुंग आहेत त्यांस जागें कर" असें वाक्य मुद्दाम घालितात. देवाशीं बोलण्याच्या निमित्तानें शेजाऱ्यास टोचणें ही प्रार्थना नव्हे. तिचा परिणाम काय होतो? तो मुलगा पुढच्या रविवारीं लवकर उठून येत नाहीं. तो येणेंच सोडितो. आपल्या किती मंडळ्यांत वीस ते तीस वयाचे पुरुष उरले आहेत, तें प्रत्येक पाळकानें हजेरीची वही काढून पाहावें.

येथें कोणी म्हणेल, नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांत शलमोन आळशास मुंगीकडे पाठवितो, त्याचें काय? तें वचन खरें आहे. परंतु तें कोणास सांगितलें आहे तें पाहा. हंगाम आला असतां जो हात जोडून पडून राहतो, त्यास. जो रात्रभर गिरणींत उभा होता तो सकाळीं दहा वाजतां निजला असेल तर त्यानें हंगाम चुकविलेला नाहीं. त्याचा हंगाम होऊन गेला. आणि मुंगीही झोंपते! मुंग्यांचें निरीक्षण करणाऱ्या विद्वानांनीं पाहिलें आहे कीं कामकरी मुंग्या दिवसरात्रींत थोड्या थोड्या वेळानें अगदीं लहान लहान डुलक्या घेतात. शलमोनानें दाखविलेली गुरूच जर विसांवा घेते, तर शिष्यास तो नाकारणारे आपण कोण?

मनुष्याच्या देहांत देवानें जें घड्याळ बसविलें आहे त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण ह्या अज्ञानांतूनच पुष्कळ कठोर बोलणीं निघतात. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग ह्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस सन २०१७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्याच घड्याळाच्या शोधाबद्दल. देहांतील पेशींत सुमारें चोवीस तासांचा एक फेरा चालतो. डोळ्यांवाटें शिरणारा उजेड त्यास रोज वेळेवर लावितो. अंधार पडल्यावर मेंदूंतून मेलाटोनिन नांवाचा रस रक्तांत उतरूं लागतो आणि देह रात्र झाली असें समजतो. हें घड्याळ सर्व वयांत सारखें चालत नाहीं. लहान मूल लवकर निजतें व लवकर उठतें. मिसरूड फुटूं लागलें कीं तें घड्याळ उशिराकडे सरकूं लागतें, सुमारें विसाव्या वर्षीं तें सर्वांत मागें पडलेलें असतें, आणि मग वय वाढत जाईल तसें पुन्हां लवकरच्या वेळेकडे येतें. म्हणून ज्या वडिलांस पहांटे चार वाजतां आपोआप जाग येते त्यांनीं ती सगळी आपली भक्ति समजूं नये. तींत वयाचाही बराच भाग आहे.

वयांत आलेल्या मनुष्यास रात्रींतून निदान सात तास झोंप पाहिजे, असें वैद्यशास्त्र सांगतें. रात्रपाळी करणाऱ्यास ती दिवसा भरून काढतां येईल असें आपण समजतों, पण तसें होत नाहीं. दिवसाची झोंप आंखूड व विरळ असते, कारण देहाचें घड्याळ त्या वेळीं जागें असतें. शिवाय वऱ्हाडांतला उन्हाळा! पारा ४५ अंशांवर गेलेला, वर टिनाचें छप्पर, बाहेर लग्नाचा बँड, दारांत भाजीवाला. अशा घरांत रात्रपाळीहून आलेल्या मुलास "दिवसभर तर निजला होतास" असें म्हणणें हें मोठें अन्यायाचें बोलणें होय.

झोंपेची लूट ही कांहीं आजची नाहीं. याकोबानें लाबानापुढें जी तक्रार मांडली ती उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायांत वाचा. वीस वर्षें चाकरी केली, दिवसा उन्हानें व रात्रीं थंडीनें जीव घेतला आणि डोळ्यांस झोंप मिळाली नाहीं, असें तो धन्यास तोंडावर सांगतो. देवानें ती तक्रार कुरकुर म्हणून पुसून टाकिली नाहीं, ती आपल्या ग्रंथांत राहूं दिली. आपल्या शेजारच्या खानदेशांत कापसाच्या जिनांची काय स्थिति होती, हें सन १८८४-८५ च्या मुंबई कारखाना आयोगापुढें झालेल्या साक्षींत आलें आहे. हंगामाची घाई असली म्हणजे तींच माणसें दिवसरात्र, सुमारें आठ आठ दिवस, संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या विसांव्यावर कामास ठेवीत असत. तीं गळून पडलीं म्हणजे दुसरीं आणीत. त्यांत बायका होत्या, अंगावरचीं लेंकरें असलेल्या. त्याच कापसाच्या पट्ट्यांत आपले आजे-पणजे मजुरी करीत होते.

आणि रविवारची सुटी आपणांस कोणी मिळवून दिली, हें किती ख्रिस्ती लोकांस ठाऊक आहे? सन १८८४ मध्यें मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं गिरणीकामगारांची सभा भरविली. ते जोतीराव फुले ह्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे व 'दीनबंधु' पत्राचे चालक. सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांनीं त्यांनीं मागणी केली कीं आठवड्यांतून रविवारीं काम बंद असावें, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, आणि काम सूर्यास्तास थांबावें. सहा वर्षें खटपट केल्यावर १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली, आणि पुढच्या वर्षीं आठवड्याची सुटी कायद्यांत आली. त्यानंतर सन १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांस आठवड्याचे ५४ तास व जिनांसारख्या हंगामी कारखान्यांस ६० तास अशी मर्यादा घातली, आणि सन १९४८ च्या कायद्यानें ती ४८ तासांवर आणिली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. परंतु अनुवादाच्या पांचव्या अध्यायांत मोशे विसांव्याच्या दिवसाचें जें कारण सांगतो, कीं चाकरांस व दासींसही धन्याइतकाच विसांवा मिळावा, आणि आपणही मिसरांत गुलाम होतों हें इस्राएलानें विसरूं नये, तें ह्या गृहस्थांच्या हातून आपल्या देशांत पुढें सरकलें. ज्या सुटीवर आपली सकाळची उपासना उभी आहे ती सुटी थकलेल्या माणसांनीं मागून घेतलेली आहे. तिच्याच दिवशीं थकलेल्या माणसास दोष देणें शोभत नाहीं.

आतां तरुणांनो, तुमच्याशीं बोलावयाचें आहे. वर जें लिहिलें तें वाचून तुम्हांस बरें वाटलें असेल. पण तुमची सगळीच झोंप मालक नेत नाहीं. कांहीं तुम्ही आपल्या हातानें देऊन टाकितां. एस्तेरच्या सहाव्या अध्यायांत अहश्वेरोश राजास झोंप येईना, तेव्हां त्यानें बखर आणवून वाचून घेतली. त्यांतून मर्दखयाचें कल्याण झालें, ती देवाची योजना. तुम्हांस झोंप आली नाहीं कीं तुम्ही मोबाइल उघडतां, आणि त्यांतून कोणत्या मर्दखयाचें कल्याण होतें तें तुम्हीच सांगा! पडद्याचा उजेड डोळ्यांत शिरला म्हणजे देहाचें घड्याळ अजून दिवस आहे असें समजतें. त्याहून वाईट तें हें कीं एक चित्र संपतां संपतां दुसरें पुढें येतें, आणि क्रिकेटचा सामना, मित्रांचे निरोप, कोणाचें भांडण, ह्यांत बारा वाजतात. कामावरून आल्यावर दिवसांतला तेवढाच वेळ आपला स्वतःचा असतो, म्हणून तो हातचा सोडवत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु तो वेळ तुम्ही उद्यांच्या दिवसाकडून उसना घेतां, आणि उद्यांचा दिवस सावकारासारखा वसूल करितो.

कित्येक जण पाळीवर जागें राहण्यासाठीं खर्रा तोंडांत धरितात, चहावर चहा पितात, आणि घरीं येऊन झोंप येत नाहीं म्हणून दारूचा घोट घेतात. तंबाखू व चहा हीं दोन्ही झोंप उडविणारीं आहेत. चहाचा अंमल पुष्कळ तास टिकतो, म्हणून पाळीच्या उत्तरार्धांत तो घेऊं नये. दारूनें डोळा लवकर लागतो खरा, पण रात्रीच्या दुसऱ्या भागांत तीच झोंप मोडिते. दुकानांतून परस्पर झोंपेच्या गोळ्या आणून घेणें ह्याहूनही धोक्याचें आहे. त्या डॉक्टरानें दिल्या तरच घ्याव्या.

करावें काय? जें करतां येईल तें साधें आहे, पण रोज केलें पाहिजे. ज्याची दिवसपाळी आहे त्यानें निजण्याची नसली तरी उठण्याची वेळ एक ठेवावी, आणि सुटीच्या दिवशीं ती एखाद्या तासाहून फार पुढें नेऊं नये. उठतांच अंगणांत उजेडांत यावें, कारण सकाळचा उजेडच मागें पडलेलें घड्याळ पुढें आणितो. मोबाइल दुसऱ्या खोलींत, किंवा एकच खोली असली तर आईच्या उशाजवळ ठेवावा. रात्रपाळीवाल्यानें पाळीस जाण्यापूर्वीं तासभर निजून घ्यावें; सकाळीं घरीं येतांना डोळ्यांवर काळा चष्मा असावा; खिडकीस जाड गोधडी लावून अंधार करावा. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटें गेलीं व डोळा लागला नाहीं तर तळमळत राहूं नये. उठून मंद उजेडांत बसावें, एखादें स्तोत्र हळू वाचावें, प्रभूपाशीं मन मोकळें करावें, आणि पेंग आली म्हणजे पुन्हां आडवें व्हावें. प्रार्थनेंतच झोंप लागली तर देवाचा अपमान झाला असें समजूं नका. बापाशीं बोलतां बोलतां मूल निजलें म्हणून कोणता बाप रागावतो?

दुसरी एक जाग आहे, तिला मोबाइलही कारण नाहीं आणि पाळीही नाहीं. तिच्याविषयीं लिहितांना लेखणी जड होते. अमरावती विभागाचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें सर्व देशास ठाऊक झालें आहे. ज्या घरांत बाप रात्रीं उठून अंगणांत फिरतो, त्या घरांतला मुलगा डोळे मिटून पडलेला असला तरी निजलेला नसतो. सोसायटीचें कर्ज, बहिणीचें लग्न, सोयाबीन काळें पडलेलें, हा हिशेब तो छताकडे पाहत पुन्हां पुन्हां करितो. अशा मुलास "विश्वास ठेव म्हणजे झोंप येईल" असें सांगून निघून जाणें हें सोपें आहे. देवानें एलीयाशीं तसें केलें नाहीं. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायांत हा थोर संदेष्टा रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागतो. दूत येतो तो उपदेश करीत नाहीं. एलीया निजतो, दूत त्यास उठवून भाकर व पाणी देतो, पुन्हां निजूं देतो, पुन्हां उठवून खाऊं घालतो. पुढच्या लांब वाटेची गोष्ट त्यानंतर. ज्याची झोंप आठवड्यांमागून आठवडे गेली आहे, ज्याच्या तोंडीं जगण्याचा कंटाळा येऊं लागला आहे, त्याजवळ असेंच बसलें पाहिजे. त्यास एकटें ठेवूं नये, जिल्हा रुग्णालयांत मनाच्या डॉक्टराकडे सोबत घेऊन जावें. सरकारची टेली मानस ही दूरध्वनीची सेवा सन २०२२ मध्यें सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर बोलण्यास पैसे पडत नाहींत. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या दारावर लिहून ठेवावा. डॉक्टराकडे जाणें म्हणजे विश्वास सोडणें नव्हे; लूक वैद्य होता हें वर सांगितलेंच आहे.

आणखी एकीची गोष्ट राहिली, जिची कोणी तक्रारच ऐकत नाहीं. ती घरची सून. सर्वांचें जेवण झाल्यावर भांडीं घासून ती निजते, रात्रपाळीहून नवरा आला म्हणजे दार उघडावयास उठते, नळास पहांटे पाणी येतें तेव्हां हंडे भरावयास उठते, आणि वेचणीचे दिवस असले तर उजाडतां शेतावर असते. तिच्या उशिरा उठण्याची चर्चा होते, उशिरा निजण्याची होत नाहीं. आपल्या ख्रिस्ती घरांत तरी सासूनें आठवड्यांतून दोन सकाळीं तिला निजूं द्यावें, आणि पाणी मुलग्यानें भरावें. ह्यानें कोणाच्या प्रतिष्ठेस धक्का लागत नाहीं.

पहांटेच्या प्रार्थनेविषयीं वडिलांचें म्हणणें आम्हांस माहीत आहे. प्रभु स्वतः पहांटे अंधार असतांना उठून एकांतीं गेला, असें मार्क पहिल्या अध्यायांत लिहितो. होय, आणि तोच मार्क चवथ्या अध्यायांत लिहितो कीं भर वादळांत, नाव पाण्यानें भरत असतां, प्रभु उशीवर डोकें ठेवून निजला होता. दिवसभर लोकांस शिकविलें होतें, देह थकला होता. गेथशेमनेंत शिष्यांस झोंप लागली तेव्हांही त्याचें दुःख मोठें होतें, तरी देह दुबळा आहे हें त्यानें ओळखिलें. १२७ व्या स्तोत्राचा कर्ता तर पहांटे उठून रात्रीं उशिरापर्यंत कष्टाची भाकर खाणाऱ्यांस सांगतो कीं देवावांचून तें सर्व व्यर्थ, आणि झोंप ही देव आपल्या प्रियांस देतो असें म्हणतो. इस्राएलाचा राखणदार झोंपत नाहीं, म्हणून आपण झोंपूं शकतों. जो मनुष्य कधींच निजावयास तयार नाहीं त्यास जग आपल्यावांचून चालणार नाहीं असें वाटत असावें.

ह्यांत जिवाचा प्रश्न आहे, म्हणून इतकें लिहिलें. अकोला ते अमरावती ह्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. ७२० माणसांनीं दिवसरात्र काम केलें, आणि त्याची नोंद गिनेस बुकांत झाली. रस्ता उत्तम झाला. त्याच सरळ गुळगुळीत रस्त्यावरून पाळी संपवून आपलीं मुलें पहांटे घरीं येतात. सतरा-अठरा तास जागलेल्या मनुष्याचे डोळे व हात थोडी दारू घेतलेल्या मनुष्याप्रमाणें मंद होतात, असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. युतुखाची खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती. आपल्या मुलांची खिडकी म्हणजे मोटारसायकलची बैठक. डुलकी एका पळाची, पण खालीं उतरून कवटाळावयास तेथें कोणी नसतो.

म्हणून मंडळ्यांच्या पंचांस व धर्मशिक्षकांस आमची विनंती आहे. ज्या गांवचे पांच-सहा तरुण रात्रपाळीस जातात तेथें जिनांच्या हंगामांत, म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, रविवारची उपासना सकाळीं आठ ऐवजीं संध्याकाळीं पांच वाजतां ठेवून पाहावी. त्रोवसची मंडळी कामकरी लोकांच्या सोईनें जमत होती, आणि तिच्या भाकरीस कमीपणा आला नाहीं. घरभेटीस जाणाऱ्या धर्मशिक्षकानें रात्रपाळीवाल्याचें दार सकाळीं अकरा वाजतां ठोठावूं नये. चार वाजल्यानंतर जावें, आणि आधीं त्याच्या आईस विचारावें कीं तो उठला आहे काय. उपदेश लांबवूं नये, हें तर पौलाच्या उदाहरणावरूनही सांगतां येईल. जो कोणी पेंगूं लागेल त्यास नांव घेऊन जागें करण्यापेक्षां भिंतीशीं टेकावयास जागा द्यावी, आणि खिडकींत मात्र बसूं देऊं नये.

वर्षाच्या शेवटच्या रात्रीं पुष्कळ मंडळ्यांत जागरणाची उपासना होते. ती मध्यरात्रीनंतर संपते, आणि लांबच्या गांवचीं मुलें थंडींत तशींच निघतात; त्यांतला एखादा आदल्या दिवशींची पाळी करून आलेला असतो. येत्या ३१ डिसेंबरला देवळाचें दार बंद करूं नका. सतरंज्या व कांबळीं आधींच मागवून ठेवा, बायकांस शाळेच्या खोलींत जागा करा, शेगडीजवळ एका पंचानें बसावें, आणि उजाडून चहा होईपर्यंत सर्वांच्या मोटारसायकलींच्या किल्ल्या त्यानें आपल्या खिशांत ठेवाव्या.